मॅनेजरचं मोठं घर

पिंजऱ्याचा गज चावता चावता मॅनेजर दम खायला थांबला, आणि तेवढ्या शांततेत माऊ म्हणाली, "ह्याला मोठं घर कर ना बाबा. मग येईन मी राहायला." बास, एवढंच. मॅनेजर पुन्हा गजाला लागला, माऊने बुटात पाय घातले, खालून तिच्या आईच्या गाडीचा हॉर्न वाजला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत तिचा बाबा तिची पाण्याची बाटली हातात घेऊन उभाच राहिला. बाटली द्यायची राहून गेली. रात्री न राहण्याची कारणं त्याने गेल्या वर्षभरात तिच्या तोंडून पोटभर ऐकली होती, पण ‘मग’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. तो सुतार होता, आणि सुताराला ‘मग’ कळतो. आधी चौकट, मग दार. आधी मोठं घर, मग मुलगी. त्याने बाटलीतलं उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि खोलीकडे अशा नजरेने पाहिलं, जसं जावई सासऱ्याच्या जमिनीकडे बघतो.

मॅनेजर हा हॅम्स्टर होता. मुठीत मावेल एवढा, भाजलेल्या पावाच्या रंगाचा, शेपटीच्या नावाने नुसता ठिपका. नाव माऊनेच ठेवलेलं. दिवसभर झोपतो, उठवलं की चिडतो, आणि समोर येईल ते गालात भरून आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो, म्हणून मॅनेजर. माऊच्या आईचा दुसरा नवरासुद्धा कुठेतरी मॅनेजर होता. नावामागे तोच हेतू होता का, हे तिला विचारायची सुताराची छाती झाली नाही. पण नाव कळलं त्या दिवशी त्याने हॅम्स्टरला गाजराचा जरा मोठा तुकडा दिला होता, हेही खरं. त्या मोठ्या मॅनेजरला या लहान मॅनेजरमुळे शिंका यायच्या. त्याच्या घरात पाच खोल्या होत्या आणि तो पाचही खोल्यांत शिंकायचा, त्यामुळे माऊच्या वाढदिवसाला आलेला हा प्राणी पिंजऱ्यासकट इकडे रवाना झाला. ‘थोडेच दिवस’ असं माऊची आई म्हणाली होती. घर मोडल्यावर तोही या खोलीत थोडेच दिवस म्हणून आला होता. दोघंही रुळले. फरक एवढाच, की मॅनेजर गज चावायचा. दिवेलागणीला उठायचा आणि एकाच गजाला, एकाच जागी, दात लावून बसायचा. कर्र, कर्र, कर्र. सुटकेसाठी कुणी असा चावत नाही. सुटकेची आशा सुटल्यावर, काहीतरी करायला हवं म्हणून चावतात तसा तो आवाज होता. पहिले काही दिवस तो आवाज सुताराच्या दातांत जाऊन बसला. मग कानाला सवय झाली, आणि पुढे पुढे तर संध्याकाळी कुलूप उघडताना कर्र ऐकू आलं नाही तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

माऊ दर रविवारी सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची. रात्री राहायचं की नाही, हे तिच्यावर सोडलेलं होतं. "मी आडकाठी करणार नाही," तिची आई म्हणाली होती, "पण ओढूनताणून नको. तिला आपणहून वाटलं पाहिजे." तिला आपणहून वाटत नव्हतं, आणि वाटत नाही हे ती सांगतही नव्हती. गुणी मुलगी होती, कारणं द्यायची. आधी म्हणाली, जिन्यात अंधार असतो. त्याने स्वतः वायर ओढून तिन्ही मजल्यांवर दिवे लावले. शेजारी अजून त्याला दुवा देतात. मग म्हणाली, संडासाचं दार नीट लागत नाही. त्याने दार उतरवलं, खालून रंधा मारला, नवी कडी बसवली. ते दार आता तिजोरीसारखं लागतं आणि घरमालक पाहुण्यांना ते दाखवायला आणतो. मग खिडकी खडखडते, मग नळ टपटपतो, मग समोरच्या गच्चीवरचा कुत्रा. कुत्र्यापाशी त्याची सुतारकी संपली; पण कुत्राच म्हातारा होता, त्याने आपणहून सहकार्य केलं. एकेक कारण दुरुस्त होत गेलं तशी खोली चांगली होत गेली आणि माऊ दर रविवारी थोडी गप्प होत गेली. या दोन गोष्टींचा संबंध असेल असं त्याला वाटलं नाही. त्याला वाटलं, मुलगी मोठी होतेय.

त्याचं कामच जरा चमत्कारिक होतं. नव्या इमारतीत गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवतात. त्यातलं फर्निचर तो बनवायचा. आणि त्या फर्निचरची गंमत अशी, की ते सगळं मापाला थोडं कमी असतं. पलंग आखूड, सोफा अरुंद, टेबल बुटकं, कपाट इतकं उथळ की आत खरा शर्ट टांगला तर दार लागायचं नाही. पण तिथे शर्ट टांगायला कोण येतंय? लहान वस्तूंमध्ये उभं राहिलं की खोली मोठी वाटते. गिऱ्हाईक बायकोकडे बघतं, बायको खिडकीकडे बघते, आणि सौदा होतो. पलंगावर ‘कृपया बसू नये’ अशी सुबक पाटी असते, तीही थोडी लहान. कारखान्यात त्याला सगळे ‘पाऊण’ म्हणत. "आमचा पाऊण येईल ना मापं घ्यायला," असं मालक फोनवर सांगायचे, आणि पलीकडच्या माणसाला तो दिसल्यावर नवल वाटायचं, कारण तो चांगला उंचापुरा होता. लग्नाच्या नव्या नवलाईत त्याने बायकोला असाच एक फ्लॅट दाखवायला नेलं होतं. ती सगळ्या खोल्यांतून फिरली, पलंगाच्या कडेवरून हात फिरवला, म्हणाली, "केवढं मोठं आहे रे सगळं!" तेव्हा त्याने अभिमानाने युक्ती सांगितली. खिशातला टेप काढून मोजूनसुद्धा दाखवली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी तेव्हा असं मिटलं, की आता आठवलं तरी त्याला टेपची सर्रकन आत जाणारी पट्टी आठवते. "म्हणजे मोठं काहीच नाहीये," ती म्हणाली. "पण वाटतं ना," तो म्हणाला. पुढे कैक वर्षांनी, शेवटच्या काही भांडणांपैकी एकात (अगदी शेवटचं कुठलं ते सांगता येत नाही, कारण ते कुणी आवाज न करता झालं) ती म्हणाली होती, "तू घरातसुद्धा पाऊणच येतोस. उरलेला कुठे ठेवून येतोस, देव जाणे." त्यावर त्याने काही उत्तर दिलं नाही. म्हणजे तिचंच म्हणणं शाबीत केलं.

कारखान्यात पॉलिश करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे पॉलिशमामा म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्याने मामांसमोर कागदावर आकृती काढली.

"हे काय, दवाखाना?" मामा म्हणाले.

"घर आहे. हॅम्स्टरचं."

"कुणाचं?"

"हॅम्स्टर. प्राणी असतो छोटा. उंदरासारखा."

"शेपूट?"

"आहे. इवलीशी."

"मग उंदीरच की रे. शेपटीत काटकसर केलेला." मामांनी डबा बंद केला. "तुझ्याच हातचा दिसतोय."

"मामा, ह्या तीन खोल्या. ही आतली झोपायची, ही धान्याची, ही..."

"आणि हे?"

"वाळूचं न्हाणीघर. ते वाळूत अंघोळ करतात."

मामा बराच वेळ आकृतीकडे बघत राहिले. त्यांच्या घरी सात माणसं होती आणि न्हाणीघर दोन बिऱ्हाडांत मिळून एक. "पाऊण," ते अखेर म्हणाले, "याला भाडेकरू ठेवायची परवानगी आहे का रे? मी एकटाच येईन. आवाज करणार नाही."

माऊ आपले दंडक फोनवर सांगायची. तिने हॅम्स्टरवर इतकं वाचलं होतं, की शाळेच्या कुठल्याही विषयावर तेवढं वाचलं असतं तर तिच्या आईने पेढ्यांऐवजी डॉक्टर बोलावला असता. "दुकानातले सगळे पिंजरे लहान असतात बाबा. रंगीत असतात, पण ते आपल्याला आवडावेत म्हणून. त्याला रंग कळतच नाहीत." मग कसं हवं? "लांबलचक. आणि खाली हातभर जाडीचा बिछाना, म्हणजे बोगदे खणता येतात. आणि चाक मोठं हवं. लहान चाकात धावताना त्याची पाठ वाकते. ती त्याला दुखते, पण तो सांगत नाही." का नाही सांगत? "लहान प्राणी सांगत नसतात," माऊ म्हणाली, हे कुणालाही ठाऊक असायला हवं अशा सुरात. "दुखतंय असं दिसलं की मोठे प्राणी खातात ना त्यांना." फोनवर पाठीमागे पाच खोल्यांपैकी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी शिंकलं. मॅनेजर इकडे असूनसुद्धा शिंकलं, ही गोष्ट त्याने मनात नोंदवून ठेवली, आणि तिचं काय करायचं हे न कळून तशीच सोडून दिली.

एवढं लांबलचक त्याच्या खोलीत एकच काही होतं: कपाट. लग्न ठरल्यावर त्याने स्वतःच्या हाताने केलेलं, आयुष्यात केलेली पूर्ण मापाची एकुलती एक वस्तू. मालाला तोटा नाही, लांबीला कंजुषी नाही, खोलीला हात आखडता नाही. बायको जाताना ते घेऊन गेली नाही. नव्या घरात भिंतींतच कपाटं होती. इथे तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आता त्याने त्यातले कपडे काढून दोरीवर टाकले, दारं उतरवली आणि कपाट हळूहळू पाठीवर निजवलं. निजल्यावर ते एवढं झालं, की त्याच्या खोलीत फर्निचर आहे असं न वाटता फर्निचरमध्ये खोली आहे असं वाटायला लागलं. दारातून डोकं आत घालून घरमालकाने विचारलं, "कोण गेलं?" उभं असताना कधी न दिसलेल्या गोष्टी आडवं झाल्यावर दिसायला लागल्या. तळाशी एक केसांची पिन, कोपऱ्यात डांबराच्या गोळीचा खडा, आणि मधल्या फळीच्या खालच्या बाजूला त्याने तेव्हा पेन्सिलीने काढलेली खूण: ‘हिची बाजू’ आणि बाण. हिची बाजू मोठी ठेवलेली होती. हे त्याला आठवतच नव्हतं. एकदा तरी त्याने कुणालातरी हिशेबापेक्षा जास्त दिलं होतं, आणि ते फळीच्या खालच्या अंगाला लिहून ठेवलं होतं, जिथे फक्त सुतार आणि झुरळं वाचतात. त्याने घासकागद घेतला आणि घासायला सुरुवात केली, कारण माऊने सांगितलं होतं, हॅम्स्टरला वास फार कळतात. जुना कुठलाच वास राहता कामा नये.

संध्याकाळी कामावरून आल्यावर तो त्या कपाटात उतरायचा. होय, उतरायचा, पाय आत टाकून, मांडी घालून. आत बसलं की बाहेरची खोली लांब गेल्यासारखी वाटायची, आणि घासकागदाची खसखस आणि मॅनेजरची करकर यांची एक जुगलबंदी चालायची, जिला कुणी दाद देत नव्हतं. खोलीकडची बाजू कापून त्याने तिथे आरपार दिसणारं प्लास्टिक बसवलं, कारखान्यात नमुन्याच्या न्हाणीघरातून उरलेलं. वर जाळीचं झाकण. आत तीन खोल्या, दोन जिने, सावकाश चढणारा एक उतार. बिछान्यासाठी भुसा आणायला त्याला लांब जायला नको होतं, तो भुशातच जगत होता. पण माऊ म्हणाली, कारखान्यातला भुसा नको, त्यात सरस असतो, वासाच्या लाकडाचा तर मुळीच नको, छातीत जातो. तो स्वतः तोच भुसा बरीच वर्षं छातीत भरत आला होता, पण ती मॅनेजरबद्दल बोलत होती. मग कागद. त्याने कारखान्यातून फ्लॅटच्या जाहिरातींची पत्रकं आणली, गठ्ठेच्या गठ्ठे, ‘प्रशस्त’ असं मोठ्या अक्षरांत छापलेली, आणि फाडायला बसला, तर तेही नको: चकचकीत कागद, शाई पोटात जाते. ज्या कागदावर एवढी कुटुंबं भुलली तो उंदराच्या गादीलाही लायक नव्हता. शेवटी कोरा, साधा, बिनछापाचा कागद फाडला, हातभर थर होईपर्यंत. मॅनेजरचं मापही घेतलं. फूटपट्टीच्या टोकाला सूर्यफुलाची बी ठेवली, तो पट्टीवरून चालत आला, आणि त्याने नाकापासून ठिपक्यापर्यंत मोजलं; मग गाल भरल्यावर पुन्हा मोजलं, कारण दारं भरल्या गालांच्या मापाने ठेवायला हवीत. रिकाम्या गालांनी बाहेर जाता येईल आणि भरल्या गालांनी आत येता येणार नाही, असं घर काय कामाचं? या प्राण्याची जितकी मापं त्याने घेतली तितकी आजवर कुणाची घेतली नसतील.

पलंग त्याने सगळ्यात शेवटी केला. माऊचा पलंग. राहायला येणार म्हणजे झोपणार, हे त्याच्या लक्षात होतं. तो काही अगदीच हा नव्हता. पण कपाट आडवं पडल्यावर एका भिंतीशीच जागा उरली होती, खिडकीखाली, आणि त्या जागेत पलंग बसवताना टेप लावायची त्याला गरज वाटली नाही. स्वतःच्या मुलीला काय टेप लावायचा? ती त्याच्या शर्टाच्या खिशाला लागायची. एकत्र राहत होते तेव्हा तो घरी आला की ती धावत यायची आणि तिचं कपाळ बरोबर खिशातल्या पेन्सिलीवर आदळायचं. तिथेच त्याच्या मनातलं माप होतं, छातीवर, पेन्सिलीच्या टोकाशी. त्यानंतर मात्र तो तिला रविवारी बघायचा, आणि रविवारी ती बहुतेक बसलेली असायची. पिंजऱ्यासमोर उकिडवी, नाहीतर खाटेवर भिंतीला टेकून, नाहीतर ताटासमोर. बसलेलं माणूस वाढलेलं कळत नाही. त्यात हाताची सवय. त्याचा हात फळीवर आपोआप जिथे थांबायचा तिथे थांबला, करवत चालली, आणि पलंग झाला. फार देखणा झाला. कडा गोल केल्या, उशाशी एक छोटी फळी, तिच्यावर पुस्तक राहील एवढी. खिडकीखाली तो ठेवून दाराशी जाऊन पाहिलं, तर खोली एकदम मोठी दिसली. त्याला फार बरं वाटलं.

मॅनेजर नव्या घरात गेला तेव्हा आधी भिंतीला धरून एक पूर्ण फेरी मारून आला, गावातल्या नव्या तलाठ्यासारखा, आणि मग एका कोपऱ्यात त्याने खणायला सुरुवात केली. ती थांबलीच नाही. कागद दोन्ही हातांनी मागे उडत होता. दुसऱ्या दिवशी पारदर्शक बाजूतून बोगदा दिसला, त्याला फाटा फुटलेला, फाट्याच्या शेवटी एक गोल खोली, आणि तिच्यात बियांची रास. न्हाणीघरात तो खरोखर वाळूत लोळला. चाकात पाठ सरळ ठेवून धावला. सगळं सगळं त्याने वापरलं, सुताराने मनात धरलेल्या प्रत्येक हेतूला मान दिला. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. आणि गज चावणं थांबलं. चावायला गजच नव्हते. पण त्याबरोबर मॅनेजर दिसायचाही थांबला. जागा मिळाल्यावर तो आत गेला, कागदाखाली, आपल्या आपल्यात. कधीतरी बोगद्याच्या काठाशी पाठीचा थोडासा तपकिरी भाग सरकायचा, तेवढाच. त्रासात होता तोवर रोज संध्याकाळी समोर बसून असायचा. आता खोलीत अशी शांतता झाली, की सुताराला स्वतःचं जेवणं ऐकू यायला लागलं. एकदा त्याने रिकाम्या पिंजऱ्याचा गज नखाने करकरून पाहिला. बरोबर आवाज आला नाही.

सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून त्या रविवारी माऊ सकाळऐवजी संध्याकाळी आली, राहायच्या बेताने, खांद्याला पिशवी लावून. आणि पहिल्यांदाच तिची आई वर आली. दारातच थांबली. ती या खोलीत कधी आलेली नव्हती. तिने दोरीवरचे कपडे पाहिले, आडवं कपाट पाहिलं, ते तिने ओळखलं, आणि त्यावर ती काहीही म्हणाली नाही. एवढी सभ्यता तिच्याकडे नेहमीच होती. माऊ मात्र पिशवीसकट कपाटापाशी गुडघ्यांवर बसली.

"बाबा! हे सगळं तू केलंस?"

"मग काय, मॅनेजरने केलं?"

"आई, बघ ना, पाठ सरळ राहते! चाक बघ! आणि हा, हा बोगदा बघ, दोन तोंडं ठेवलीत त्याने!" तिचं नाक प्लास्टिकला चिकटलं होतं, श्वासाने त्यावर वाफ धरत होती. या एका क्षणासाठी तो एवढे दिवस भुशात बसला होता, आणि क्षण अगदी त्याला हवा होता तसा, पूर्ण मापाचा आला. गेलासुद्धा. ती उभी राहिली. आणि ती उभी राहिली तेव्हा त्याने पाहिलं, की तिचं कपाळ त्याच्या हनुवटीशी आलंय.

"आणि हा तुझा पलंग," तो म्हणाला. आता म्हणायलाच हवं होतं.

माऊ पलंगाकडे गेली. आधी बसली. मग आडवी झाली, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून. तिचं डोकं वरच्या फळीला लागलं आणि टाचा खालच्या फळीला, आणि तरी तिच्यातली बरीचशी उरली. एक क्षण ती तशीच ताठ राहिली. मग तिने गुडघे पोटाशी घेतले, एका कुशीवर वळली, इतक्या सहज, की जणू ती रोज अशीच झोपते. "मस्त आहे," ती म्हणाली. "मऊ आहे एकदम."

तिच्या आईने पलंगाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. टेपची पट्टी सर्रकन आत गेली. पण ती बोलली ती मुलीशीच. "आवडलं ना? मग निघू मी?"

"हो," माऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आई, माझा ब्रश राहिला वाटतं."

"बाहेरच्या कप्प्यात आहे."

"आणि ते पांढरं पांघरूण?"

"तेही दिलंय बाळा."

"उद्या सुट्टी आहे ना नक्की?"

"आहे."

यापुढे तिच्यापाशी काही उरलं नाही. जिना उजळ होता, दार लागत होतं, नळ गप्प होता, कुत्रा मेला होता, मॅनेजर सुखात होता. एकेक करून सगळं त्यानेच काढून घेतलं होतं. एकच कारण शिल्लक होतं, धडधडीत, त्याच्याच हातचं, तिच्या टाचांना टोचणारं; ते सांगितलं असतं तर कुणी हूं का चूं केलं नसतं. आणि तेवढं ती सांगत नव्हती. गुडघे आणखी थोडे वर घेत होती. पिशवीचा पट्टा तिने मुठीत धरला होता, आणि त्या मुठीची बोटं पांढरी पडली होती. रात्रभर ही अशीच पडून राहील, त्याला वाटलं, दुखतंय असं दिसू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेईल. आणि सकाळी म्हणेल, मस्त झोप लागली. आणि मी ते खरं मानेन, नवीन गादी आणेन. तिला इथे राहायचं नव्हतं. ती कधी जिन्याला भीत नव्हती आणि नळाला तर त्याहून नाही. हे कळायला त्याला एक पलंग आखूड पडावा लागला.

"अरे हो," तो म्हणाला. आवाज बरा निघाला. "एक राहिलंच की सांगायचं. आजची रात्र जमणार नाही माऊ."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"मॅनेजरचं. नवीन घर आहे ना. पहिले थोडे दिवस रात्री खोलीत जास्त माणसं झोपलेली त्यांना चालत नाहीत. बुजतात. खाणंपिणं टाकतात. प्राणी विकणारा तो दुकानदार म्हणाला, अगदी बजावून म्हणाला. मीच विसरलो, वेड्यासारखा."

माऊ उठून बसली. हॅम्स्टरबद्दल त्या दुकानदाराला, त्याला आणि तिच्या आईला मिळून जेवढं ठाऊक होतं त्याच्या दसपट तिला ठाऊक होतं. आणि वर्गात कुणीतरी चुकीचं उत्तर दिल्यावर हुशार मुलीचा होतो तसा तिचा चेहरा झाला, ओठ उघडलेसुद्धा. तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ मिटले. ती त्याच्याकडे बघत होती, आणि असं सरळ तिने बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नव्हतं.

"हो," ती सावकाश म्हणाली. "मीपण वाचलंय असं."

"वाचलंयस ना? बघ."

"ताण येतो त्यांना."

"तेच तर."

"मग पुढच्या वेळी बघू," माऊ म्हणाली, आणि पलंगावरून उतरून तिने त्याच्या कमरेला मिठी मारली, पिशवीसकट, घाईघाईने. तिच्या केसांना दुसऱ्याच कुठल्यातरी साबणाचा वास होता. तिच्या आईने एकदा आडव्या कपाटाच्या कडेवरून हात फिरवला, "काम छान झालंय," म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं, याचाच त्याला जास्त त्रास झाला. मग दोघी बाहेर पडल्या. माऊ जिना दोन दोन पायऱ्या टाकत उतरत होती. एवढ्या हलक्या पावलांनी ती इथे कधी चढली नव्हती. तो दारातच उभा होता. खालच्या वळणावरून आवाज स्वच्छ वर येत होते.

"खरंच का गं माऊ, असं असतं?"

"असतंच मुळी. नवीन घरात रात्री माणसं असली की ते घाबरतात."

"हो का? आणि मग बाबा झोपतो त्याच खोलीत, त्याचं काय?"

पावलं थांबली. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडून लागलं. मग माऊचा आवाज आला, जाणकाराचा, समजूत घालणारा.

"बाबाचं काही नाही गं. बाबा असला तरी कळत नाही."